निळ्या बसनं येते

छोटू हे नाव त्याला फार लवकर तोकडं पडलं होतं. चौकटीतून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची. अपघातात इतकं काही विसरला, पण मान वाकवायचं विसरला नाही. ते दिसलं की ताईला दर वेळी जरा बरं वाटायचं. ती त्याची थोरली बहीण. तो तिच्या पाठीवरचा एकुलता एक भाऊ, आणि आता तिचं सगळं घरदार म्हणजे तोच.

तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. उंच इमारतींच्या पोटात दोरावर लोंबकळायचा, पण तिथून कधी पडला नाही. पडला तो सपाट रस्त्यावर. सुटीच्या दिवशी बायकोला मोटारसायकलवर मागे बसवून निघाला होता आणि वळणावर गाडी घसरली. बायको जागीच वारली. तो कितीतरी दिवस बेशुद्ध होता आणि जागा झाला तेव्हा जुनं बरंचसं आठवत होतं, नवं मात्र काही टिकत नव्हतं. सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी त्याला सांगता यायचं नाही. अपघात तर त्याच्या डोक्यात कधी शिरलाच नाही.

"ताई, ही कुठंय?" तो विचारायचा.

सुरुवातीला ताई खरं सांगायची. तो ऐकायचा आणि मोठ्यानं, लहान मुलासारखा रडायचा. भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा, आणि डोक्याला तर मुळीच धक्का लागू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग झोपून उठला की पुन्हा विचारायचा, "ताई, ही कुठंय?" आणि पुन्हा पहिल्यापासून. एका माणसाला एक मरण किती वेळा ऐकवायचं?

ताईचा एक नेम होता. देवासमोर बसून घेतलेला, आईकडून आलेला. दिवसभरात आपल्या तोंडून असा शब्द जाऊ द्यायचा नाही की ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येईल. रोज सकाळी प्रार्थनेनंतर ती तो नव्यानं घ्यायची आणि संध्याकाळी आठवून बघायची, पाळला का. त्या दिवसांत नेम रोज मोडत होता. एका संध्याकाळी ती फार थकली होती. छोटूनं विचारलं, तेव्हा चहाचा कप त्याच्यासमोर ठेवत ती म्हणाली, "निळ्या बसनं येते."

खोटं म्हणावं असंही ते नव्हतं. भावजय रोज कामावरून निळ्या बसनंच यायची.

छोटूनं मान हलवली. चहा प्यायला, हात धुतले, केस विंचरले आणि खिडकीशी शांत बसला. घरात कितीतरी दिवसांनी कुणी रडत नव्हतं. ताईला वाटलं, नेम पाळला गेला.

*

केंद्र एका जुन्या गोदामात होतं. डोक्याला मार लागून दवाखान्यातून घरी आलेली, पण पूर्वीच्या आयुष्यात परत न गेलेली माणसं तिथं दिवसभर यायची. तिथल्या थेरपिस्टला सगळे मॅडम म्हणायचे. वयानं ताईच्या मुलीएवढी, पण बोलणं मोजकं. पहिल्याच भेटीत तिनं सांगितलं, "दवाखान्याचं काम संपतं तिथून आमचं सुरू होतं. आणि ताई, आमचं संपत नाही. तुम्ही घाई केलीत तर तुम्हीच थकाल."

तिच्या शिकवण्याची एक तऱ्हा होती, आणि ती ताईला आधी उलटीच वाटली. छोटूला काही विचारायचं नाही, सांगायचं. "गॅस बंद केलास का, आठव बरं" असं म्हणायचं नाही. तो चुकण्याआधी त्याचा हात बटणावर नेऊन म्हणायचं, "आता गॅस बंद." रोज त्याच जागी, त्याच शब्दांत.

"पण चुकेल तेव्हाच शिकेल ना?" ताईनं विचारलं होतं.

"आपण शिकतो, कारण आपल्याला आठवतं की आपण चुकलो होतो. याला ते आठवत नाही. पण केलेलं अंगात राहतं. आज चुकीच्या गल्लीत वळला तर उद्या त्याला काही आठवणार नाही, पाय मात्र तिकडेच वळतील. म्हणून चुकूच द्यायचं नाही. एकदा चूक बसली की निघता निघत नाही."

ताईला ही तऱ्हा हळूहळू पटली. रोज तेच शब्द, तीच जागा, तीच वेळ. तिच्या सगळ्या आयुष्याचीच ती रीत होती. मॅडम कौतुकानं म्हणायची, बाकीच्यांच्या घरून दर दिवशी वेगळं काहीतरी होतं; ताईंकडून कधीच नाही. छोटू किल्ली खिळ्याला लावायला शिकला. औषध घ्यायला शिकला. केंद्रात वेताच्या खुर्च्या विणायचं काम चालायचं, तेही शिकला. वेत पाण्यात भिजवायचा, भोकातून ओवायचा, खुंटीनं दाबून धरायचा, मग पुढचं भोक. काल विणलेली खुर्ची त्याला आज ओळखता यायची नाही. "हे कुणी केलं? हात बरा आहे हो," तो म्हणायचा.

आणि ताई देवाला म्हणायची, याच्या डोक्यात एक तरी गोष्ट राहू दे. आपली आपण. कुणी न सांगता.

*

केंद्राचं एक घर होतं, मोठ्या रस्त्याच्या कडेला. चार खोल्या, चार माणसं, आणि त्यांना सांभाळणारे एक काका. त्यातली एक खोली रिकामी झाली. ताईच्या हृदयाबद्दल डॉक्टरांनी तिला जे सांगितलं होतं, ते तिनं फक्त मॅडमच्या कानावर घातलं होतं. आपल्यामागे छोटूला कोण बघेल, या एका प्रश्नाला जगात एकच उत्तर होतं आणि ते म्हणजे ती खोली. अट इतकीच की छोटूनं तिथं आठवडाभर राहून दाखवायचं.

तो राहिला. गॅस बंद केला, किल्ली खिळ्याला लावली, औषधं घेतली. काका खूश होते. पण रोज संध्याकाळी चहा झाला की तो हात धुवायचा, केस विंचरायचा, चांगला शर्ट घालायचा आणि निघायचा. काका दर वेळी त्याला गेटातून परत घेऊन यायचे. शेवटच्या संध्याकाळी ते भांडी घासत होते. रस्त्यावर ट्रकचा ब्रेक किंचाळला तेव्हा बाहेर धावले. छोटू रस्त्याच्या मधोमध उभा होता, पलीकडच्या बसस्टॉपकडे बघत.

दुसऱ्या दिवशी केंद्रात ताई त्याच्या शेजारी बसून वेत भिजवत होती. समोर रेडिओ बसला होता, तोही केंद्रात येणाऱ्यांतलाच. पूर्वी तो तिकीट तपासनीस होता. डोक्याच्या पुढच्या भागाला मार बसला तेव्हापासून मनात येईल ते तोंडातून बाहेर, मध्ये थांबा नाही, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणायचे, आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही.

"काय छोटूशेठ, ट्रकशी कुस्ती खेळायला गेला होतास म्हणे?"

"मी? छे. मी कशाला जातोय."

"मग रस्त्यात काय चांदण्या मोजत होतास?"

"स्टॉपवर जातो मी रोज. बायकोला आणायला."

"दुसरी केलीस? आणि आम्हाला कळवलं नाहीस?"

"एकच आहे रे बाबा," छोटू हसत म्हणाला. "निळ्या बसनं येते."

"कशी येईल? ती मेली ना. पहिल्या दिवशी ताईंनीच मॅडमना सांगितलं, मी इथंच बसलो होतो. विचार त्यांना."

"याचं डोकं फिरलंय," छोटू सगळ्यांना म्हणाला.

"ते फिरलंयच, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे," रेडिओ म्हणाला, आणि सगळे हसले. छोटूही हसला. मग बहिणीकडे वळला. "ताई, सांग गं याला."

हसणं थांबलं. मॅडम पलीकडच्या टेबलाशी उभी होती, तीही वळून बघू लागली. ताईच्या हातात ओला वेत होता, त्याचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"हात चालू दे, छोटू," ती म्हणाली. "वेत सुकेल."

*

मॅडमच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या, दोन्ही छोटूनं विणलेल्या.

"केव्हापासून म्हणताय तसं?" मॅडमनं विचारलं.

"घरी आणला त्याच सुमारापासून."

"रोज?"

"रोज. तो विचारायचा म्हणून. मग तो विचारायच्या आधीच म्हणायला लागले, त्याचा जीव घाबरा होऊ नये म्हणून."

"चहा देताना? त्याच खुर्चीत? तेच शब्द?"

ताईनं मान हलवली. मॅडमनं समोरची वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर ताईला सोपं गेलं असतं.

"मी सांगितलेलं सगळं तुम्ही त्या एका वाक्यावर केलंत," ती हळूच म्हणाली. "इथं आम्ही त्याला जे शिकवलं, त्यातलं काहीच इतकं पक्कं बसलेलं नाही."

ताईला स्वतःची प्रार्थना आठवली. एक तरी गोष्ट राहू दे, कुणी न सांगता. देवानं ऐकलं होतं. तिनं दिलेलंच छोटूनं ठेवून घेतलं होतं.

"ते पुसता येतं का?"

"पुसता नाही येत. त्याच्यावर दुसरं बसवावं लागतं. त्याच पद्धतीनं, आणि तुम्हालाच. माझ्या तोंडचं चालणार नाही, हे वाक्य त्यानं तुमच्या आवाजात ऐकलंय. खोली मी थोडे दिवस धरून ठेवते."

मग दोघींनी मिळून वाक्य ठरवलं. आडपडद्याचे शब्द नकोत, मॅडम म्हणाली. देवाघरी गेली नको, आपल्यात नाही नको. साधं आणि स्पष्ट. ताईनं ते पुटपुटून बघितलं. ती अपघातात वारली. आता तिची वाट बघायची नाही.

"आणि पुढं म्हणू का, मी आहे?"

मॅडमनं टेबलावरचा एक वेताचा तुकडा उचलला आणि पुन्हा ठेवला. "ताई, तेही बसेल."

ताईच्या लक्षात यायला क्षणभर लागला. आपण नसू त्या दिवसासाठीच तर हे सगळं चाललं होतं. मग त्या दिवशी तो 'मी आहे' म्हणणारीला शोधत कुठल्या रस्त्यावर उभा राहील?

"मग चहा घे, असं म्हणते," ती म्हणाली. "चहा त्याला कुणीही देईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवासमोर बसली आणि प्रार्थना झाल्यावर नेम घेतला नाही. कोणत्याही माणसाच्या डोळ्यात पाणी आणणार नाही, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते, ते तिनं गिळले. आजपासून रोज आणणार आहे, तिनं देवाला सांगितलं. तुला माहीत असावं म्हणून सांगते.

*

घरातल्या टेबलाशी ते बोलायचं नव्हतं, कारण तिथं निळी बस बसलेली होती. केंद्राच्या मागच्या ओसरीत एक बाक होता, तो निवडला. कपही नवा आणला. पहिल्या दिवशी मॅडम दाराआड उभी राहिली.

"छोटू, ती अपघातात वारली. आता तिची वाट बघायची नाही. चहा घे."

त्यानं बहिणीकडे असं बघितलं की तिला उठून पळून जावंसं वाटलं. "कोण?" तो म्हणाला. आणि मग त्याला समजलं कोण. तोच आवाज, तेच रडणं, इतक्या वर्षांनी पुन्हा. फक्त आता केसांत पांढरं होतं. ताईनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलं, भिंतीपासून दूर.

"रडू दे त्याला," मॅडम आतून म्हणाली. "वाक्य बदलू नका."

दुसऱ्या दिवशी तो हसत बाकावर येऊन बसला. "चहा इथं का आज? छान वारा आहे." आणि तिनं पुन्हा सांगितलं.

असं ते चालू राहिलं. संध्याकाळी घरी तो हात धुऊन, केस विंचरून उभा राहायचा, तेव्हा ताई दारात अर्धी विणलेली खुर्ची मांडून बसायची. "दोन ओळी काढ माझ्याबरोबर," म्हणायची. बाहेर निळ्या बसचा हॉर्न वाजायचा. त्याची मान वळायची, हात भोकं शोधत राहायचे. एकदा त्याला ताप भरला. ग्लानीत तो सारखा विचारू लागला, "येते ना? येते ना ताई?" तिच्या ओठांवर ते जुनं वाक्य आपोआप आलं. तेवढं म्हटलं असतं तर तो झोपला असता. ती उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि त्याचं बोलणं थांबेपर्यंत तिथं उभी राहिली.

हळूहळू रडणं आखूड झालं. मग नुसते डोळे भरायचे. मग एके दिवशी त्याच्या कपाळावर आठी पडली, कुठंतरी ऐकलंय असं वाटल्यासारखी. नंतर ताईनं "चहा" म्हणताच तो "घे" म्हणू लागला.

आणि एका दुपारी ती कप घेऊन ओसरीत आली. तोंड उघडणार इतक्यात तोच म्हणाला, "ती अपघातात वारली. आता तिची वाट बघायची नाही."

मॅडमनं दारातच डोळे मिटून घेतले. ताई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्या आवाजात काहीच नव्हतं. गॅस बंद केला, किल्ली खिळ्याला लावली, तसं ते होतं.

"दे ना चहा," छोटू म्हणाला.

नंतर ताईनं विचारलं, "मॅडम, त्याला कळलंय का?"

"त्याला माहीत झालंय."

"ते एकच का?"

"नाही," मॅडम म्हणाली. "पण दुसरं माझ्या हातात नाही."

*

छोटूला खोली मिळाली. सामान फारसं नव्हतंच. काकांनी त्याच्या खोलीला नवा खिळा ठोकून दिला होता. रेडिओ त्याच घरात राहायचा; त्यानं स्वागत केलं. "ये छोटूशेठ. इथं डाळ पातळ असते आणि काका घोरतात. बाकी स्वर्ग आहे."

पहिले काही दिवस ताईनं जायचं नव्हतं. तिनं ते पाळलं. रिकाम्या घरात ती सकाळची प्रार्थना करायची आणि नेमाच्या ठिकाणी थोडा वेळ गप्प बसायची. घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्याच्यासाठी शब्द सांभाळायचे तो तिथं नव्हता.

मग एका संध्याकाळी ती त्याला भेटायला गेली. तो मान वाकवून स्वयंपाकघरातून बाहेर आला, हातात दोन कप. तिला बघून त्याला आनंद झाला, आश्चर्य मात्र वाटलं नाही. ती कालही आली होती असं त्याला वाटत असावं. दोघं खिडकीशी बसली. खिडकीतून तो रस्ता दिसत होता आणि पलीकडचा स्टॉप. निळी बस आली. छोटू चहा फुंकत होता, त्यानं वरही बघितलं नाही.

ताईनं बघितलं. तिची मान कधी वळली हे तिचं तिलाच कळलं नाही.

"कुणाची वाट बघतेस?" छोटूनं विचारलं.

"कुणाची नाही रे."

त्यानं कप खाली ठेवला. तिच्याकडे वाकला आणि तिच्याच सुरात, तिच्याच संथ आवाजात, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत म्हणाला, "ती अपघातात वारली. आता तिची वाट बघायची नाही. चहा घे."

ताईनं चहा घेतला. चांगला झाला होता. साखरही बरोबर होती.

अंधार पडायच्या आत ती निघाली. काकांनी तिला रस्ता ओलांडून दिला. घरी जायला तिला दुसरी बस हवी होती, म्हणून ती स्टॉपच्या बाकावर बसली. इतक्यात आणखी एक निळी बस येऊन थांबली. मागचं दार उघडलं. कामावरून परतणारी माणसं उतरू लागली. पिशव्या, डबे, कडेवरचं मूल. ताई एकेका चेहऱ्याकडे बघत होती. अपघातानंतर भावजयीसाठी ती कधी रडलीच नव्हती. आधी छोटूला धरायचं होतं, आणि नंतर रोज संध्याकाळी भावजय येतच होती. कप ठेवत, खिडकीबाहेर बघत, ताईनं स्वतःच तसं सांगितलं होतं. इतकी वर्षं, तेच शब्द, तीच जागा.

शेवटचा माणूस उतरला. पायरीवर कुणी नव्हतं.

कंडक्टर दारातून वाकला. "मावशी, चढायचंय?"

"नाही."

"मग कुणी यायचं होतं का?"

"ती..." ताई म्हणाली. पुढचे शब्द तिला पाठ होते, कितीतरी वेळा म्हटलेले. पण आज ते ऐकणारी तीच होती. तिनं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. कंडक्टर क्षणभर थांबला, मग त्यानं हळूच घंटी दिली आणि बस निघून गेली.